आभाळ तयार होतं, गिऱ्हाईक नव्हतं: इरिडियमचं प्रकरण

१ नोव्हेंबर १९९८ रोजी अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी एक फोन लावला. तो उचलला गिल्बर्ट ग्रोव्हनर यांनी. ते नॅशनल जिओग्राफिक सोसायटीचे प्रमुख आणि टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचे पणतू. माणूस मुद्दाम निवडलेला होता. पहिला टेलिफोन बेलने केला आणि आता त्याच्या पणतवाला येतोय तो पृथ्वीवर कुठूनही कुठेही लागणाऱ्या खिशातल्या फोनवरचा कॉल, असा तो सोहळा होता.

साडेनऊ महिन्यांनी, १३ ऑगस्ट १९९९ रोजी, ही सेवा चालवणारी इरिडियम कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात उभी होती. खर्च झाला होता सुमारे ५ अब्ज डॉलर आणि गिऱ्हाइकं होती वीस हजारांच्या आसपास. भागाकार केला तर दर गिऱ्हाइकामागे अडीच लाख डॉलर.

व्यवस्थापनाच्या वर्गांत हे प्रकरण हमखास शिकवलं जातं. इंजिनिअर तंत्राच्या प्रेमात पडले, बाजार बघायचा राहून गेला, असं त्याचं सार सांगतात. मला हे अर्धंच पटतं. कारण कंपनी बुडाली तरी उपग्रह बुडाले नाहीत. तेच उपग्रह नव्या मालकाकडे पुढे जवळपास वीस वर्षं काम करत राहिले आणि ज्या गोष्टींना लोकांनी उधळपट्टी म्हटलं होतं, त्यांच्याच जिवावर नवी कंपनी तगली. म्हणून नेमकं काय चुकलं आणि काय चुकलं नव्हतं, हे वेगवेगळं करून बघावं लागतं.

टॉवरच फिरता ठेवायचा

मूळ कहाणी कंपनीच सांगायची. १९८५ साली मोटोरोला या अमेरिकी कंपनीचे, म्हणजे पुढे इरिडियम काढणाऱ्या कंपनीचे, इंजिनिअर बॅरी बर्टिगर पत्नीसह बहामा बेटांवर सुट्टीला गेले होते. पत्नीला तिथून घरी, अमेरिकेत, फोन करायचा होता. तो लागेना. तुम्ही मोटोरोलावाले एवढे हुशार, मग एवढंही का जमत नाही, असा तिचा प्रश्न. १९८७ मध्ये बर्टिगर, रे लिओपोल्ड आणि केन पीटरसन या तिघांनी ॲरिझोनात त्यावर आराखडा मांडला. मधल्या फळीतल्या वरिष्ठांना तो पटला नाही. शेवटी कंपनीचे सर्वेसर्वा रॉबर्ट गॅल्विन यांनी तो उचलून धरला.

उपग्रहावरून फोन ही काही नवी गोष्ट नव्हती. जहाजांसाठी इनमारसॅट ही उपग्रहसंस्था १९७९ पासून होती. पण तिचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, जमिनीवरून बघितलं तर एकाच जागी खिळलेले. एवढ्या लांब आवाज पोचवायचा तर त्या काळी पेटीएवढं यंत्र आणि तबकडी लागायची. शिवाय आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव सेकंद. नव्वदच्या दशकात परदेशी फोनवर बोललेल्या घरांना तो अनुभव आठवेल: दोघं एकदम बोलायचे, दोघं एकदम थांबायचे, आणि मीटर पळत असायचा.

उपाय उघड होता. उपग्रह खाली आणा. ७८० किलोमीटरवर आणला की हातातल्या फोनची ताकदही पुरते आणि बोलण्यात ती खोटी शांतता येत नाही. पण खालचा उपग्रह एका जागी थांबत नाही. साधारण शंभर मिनिटांत तो पृथ्वीला एक फेरी मारतो आणि आपल्या डोक्यावरून जेमतेम नऊ-दहा मिनिटांत क्षितिजाआड जातो. आपण चालत्या गाडीत बोलतो तेव्हा टॉवर जागेवर असतो आणि आपण सरकतो. इथे माणूस जागेवर आणि टॉवर ताशी २७,००० किलोमीटर वेगाने धावतोय. बोलणं तुटायचं नसेल तर एक मावळायच्या आत दुसरा उगवलाच पाहिजे, आणि तोही पृथ्वीवर सगळीकडे.

हिशेब आला ७७ उपग्रहांचा. इरिडियम या धातूच्या अणूत ७७ इलेक्ट्रॉन केंद्राभोवती असतात, म्हणून नाव पडलं इरिडियम. पुढे प्रत्येक उपग्रहाचे जमिनीवर पडणारे रेडिओ लहरींचे झोत ३७ वरून ४८ केले, त्यामुळे ६६ उपग्रहांत भागलं: सहा ध्रुवीय कक्षा, दर कक्षेत अकरा. नाव मात्र बदललं नाही. ६६ क्रमांकाचं मूलद्रव्य डिस्प्रोशियम. त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ 'हाती लागायला अवघड'. फोनच्या धंद्याला हे नाव कोण देईल!

खरी करामत पुढे आहे. प्रत्येक उपग्रह शेजारच्या चार उपग्रहांशी थेट बोलतो: आपल्याच कक्षेतल्या पुढच्या आणि मागच्याशी, शिवाय डाव्या-उजव्या कक्षेतल्या एकेकाशी. समजा, भर समुद्रातल्या जहाजावरून एखाद्या खलाशाने रत्नागिरीला घरी फोन लावला. आवाज वर जातो, आभाळातल्या आभाळात या उपग्रहावरून त्या उपग्रहावर उड्या मारत जातो, आणि जिथे भूकेंद्र आहे तिथेच खाली उतरून साध्या टेलिफोनच्या जाळ्यात शिरतो. जहाजाच्या आसपास हजारो किलोमीटर जमीन नसली तरी बिघडत नाही. त्याच काळातल्या ग्लोबलस्टार या दुसऱ्या उपग्रहफोन कंपनीने हे टाळलं. त्यांचा उपग्रह म्हणजे नुसता आरसा: खालून आलेलं खाली परत पाठवायचं. स्वस्त आणि सोपं. पण उपग्रहाच्या टप्प्यात भूकेंद्र नसेल तर फोन मुका, म्हणजे महासागराच्या मधोमध काही नाही.

उपग्रहाच्या पोटात टेलिफोन एक्स्चेंज बसवणं महाग होतं आणि धोक्याचंही. वर बिघडलं तर दुरुस्तीला माणूस जात नाही. इरिडियमने तरी ते केलं. याकडे पुन्हा येऊ.

शेवटचा उपग्रह चढेपर्यंत कमाई शून्य

साध्या मोबाइल कंपनीचा धंदा तुकड्यातुकड्याने वाढतो. मुंबईत टॉवर लावा, पैसे येऊ द्या, मग पुणे, मग नाशिक. गिऱ्हाईक आलं नाही तर नाशिक रद्द. इरिडियमला ही सोय नव्हती. साठ उपग्रह लावले आणि गिऱ्हाईक बघून पुढचं ठरवलं, असं होऊच शकत नाही, कारण उपग्रह एका गावावर उभा राहत नाही. आभाळ भरल्याशिवाय कोणालाही फोन विकता येत नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. १९९० च्या जूनमध्ये योजना जाहीर झाली, रेडिओ लहरींचा पट्टा १९९२ च्या स्पेनमधल्या जागतिक परिषदेत मिळाला, अमेरिकेचा परवाना १९९५ मध्ये. म्हणजे फोन कसा असेल, कोणाला विकायचा, या गोष्टी ज्या अंदाजावर ठरल्या तो अंदाज विक्रीच्या दिवशी आठ-दहा वर्षं जुना होता.

आणि ही आठ वर्षं भलतीच निघाली. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे ॲरिझोनात आराखडा मांडला त्याच वर्षी, युरोपातल्या तेरा देशांनी कोपनहेगनमध्ये एका सामायिक मोबाइल पद्धतीवर सह्या केल्या. तीच जीएसएम. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये ती सुरू झाली. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत तेव्हाचे दूरसंचारमंत्री सुखराम यांना भारतातला पहिला मोबाइल कॉल केला. एका देशातला फोन दुसऱ्या देशात चालायला लागला, हँडसेट लहान होत गेले, दर उतरत गेले. बर्टिगर यांच्या पत्नीची अडचण तोवर साध्या टॉवरांनीच बरीचशी सोडवत आणली होती.

हे इरिडियमच्या लोकांना दिसत नव्हतं का? दिसत असणारच; मोटोरोला स्वतःच जीएसएमचे फोन बनवत होती. पण थांबायचं तरी कुठे? निम्मे पैसे खर्च झाल्यावर थांबलं तर हाती काहीच येत नाही, आणि पूर्ण केलं तर निदान आशा तरी राहते. विहीर खणताना पन्नास फुटांवर पाणी लागलं नाही की माणूस आणखी दहा फूट खणतो, तसं हे.

पुरं करण्याचं काम मात्र त्यांनी ज्या तऱ्हेने केलं त्याला तोड नाही. तोवर उपग्रह हे सोनाराच्या दागिन्यासारखं हाताने घडवायचं काम होतं, एकेकाला वर्षं लागायची. ॲरिझोनातल्या चँडलरच्या कारखान्यात मोटारीसारखी ओळ लावली आणि चार-पाच दिवसांना एक उपग्रह बाहेर पडू लागला. वजन ६८९ किलो. उड्डाणं तीन देशांतून: अमेरिकेची डेल्टा, रशियाची प्रोटॉन, चीनची लाँग मार्च. ५ मे १९९७ ते १७ मे १९९८, एक वर्ष बारा दिवसांत १५ रॉकेटांवरून ७२ उपग्रह वर गेले आणि एकही रॉकेट फसलं नाही.

विकणारा आणि विकत घेणारा

पैशाची मांडणी वाचताना जरा थांबावं लागतं. मोटोरोलाने इरिडियम ही वेगळी कंपनी काढली, तिच्यात स्वतःचा साधारण पाचवा हिस्सा ठेवला आणि जगभरातून भागीदार जमवले. मग त्या कंपनीशी करार केला: उपग्रहजाळं बांधून देण्याचे ३.३७ अब्ज डॉलर, आणि ते पाच वर्षं चालवून सांभाळण्याचे आणखी २.८८ अब्ज. म्हणजे इरिडियमने कर्ज काढायचं, भांडवल उभारायचं आणि त्यातला मोठा भाग मोटोरोलाच्या पदरात घालायचा. गिऱ्हाईक येवो न येवो, सांभाळण्याचं बिल ठरल्या तारखेला येणारच. मोटोरोलाने यातून फायदाच उकळला असं नाही; शेवटी तिलाही मोठा फटका बसला. पण एकाच घरचा माणूस कंत्राटदारही आणि यजमानही असला की बिल कोण तपासणार, हा प्रश्न उरतो.

भागीदारांची तऱ्हाही बघण्यासारखी. रॉकेट सोडणारी रशियाची ख्रुनिचेव्ह आणि चीनची ग्रेट वॉल याही भागधारक. बाकीचे प्रदेशाप्रदेशाचे: जपान, कोरिया, इटली, जर्मनी, सौदी, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, भारत. प्रत्येकाला आपापल्या मुलखात विक्रीचा हक्क आणि भूकेंद्र. आता वरच्या खलाशाचं उदाहरण आठवा. उपग्रह आपसात बोलतात, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या सगळ्या जगाला मूठभर भूकेंद्रं पुरतात. तरी डझनभर उभारली, कारण प्रत्येक सरकारला आपल्या हद्दीतला कॉल आपल्या दारातून जायला हवा होता, महसुलासाठीही आणि ऐकण्यासाठीही. विक्री भागीदारांच्या हाती होती, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी दुकानंच मांडली नव्हती. जाहिरातींवर दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला, चौकशा आल्या, पण चौकशीला उत्तर देणारं समोर कोणी नाही.

सेवा २३ सप्टेंबरला सुरू व्हायची होती, ती १ नोव्हेंबरवर गेली. तेव्हाही हँडसेट पुरेसे नव्हते. जो होता तो अर्ध्या किलोच्या जवळपास, वर जाडजूड अँटेना. किंमत सुमारे ३,००० डॉलर, बोलायचे दर मिनिटाला ३ ते ८ डॉलर. हेही एक वेळ चाललं असतं. पण फोनला मोकळं आभाळ लागत होतं. खोलीत नाही, गाडीत नाही, उंच इमारतींच्या गल्लीत नाही. ज्याच्यासाठी तो बनवला तो देशोदेशी फिरणारा बडा व्यावसायिक दिवसाचे बहुतेक तास छपराखाली काढतो: विमानतळ, टॅक्सी, हॉटेल, बैठक. त्याने फोनसाठी फुटपाथवर येऊन आभाळाकडे अँटेना धरायची, आणि खिशातल्या छोट्या जीएसएम फोनकडे दुर्लक्ष करायचं. त्याने तसं केलं नाही. खुल्या आभाळाखाली राबणारे लोक वेगळेच होते: खलाशी, तेलविहिरींवरचे कामगार, गिर्यारोहक, सैनिक. त्यांच्यासाठी ना जाहिरात होती ना दर.

बँकांनी कर्ज देताना अट घातली होती की मार्च १९९९ अखेर ५२,००० गिऱ्हाइकं दिसली पाहिजेत. पुढे ती रडतकढत २७,००० वर आणली. ३१ मार्चला मोजली तेव्हा भरली १०,२९४. त्या तिमाहीत महसूल १४ लाख ५० हजार डॉलर आणि तोटा ५० कोटींच्या वर. वित्तप्रमुख मार्चमध्ये गेले, मुख्य कार्यकारी एडवर्ड स्टॅयानो एप्रिलमध्ये. उन्हाळ्यात दर खाली आणले, पंधरा टक्के माणसं कमी केली. ऑगस्टमध्ये कर्जाचे दीड अब्ज डॉलर थकले आणि खेळ आटोपला. त्याच महिन्यात आयसीओ ही आणखी एक उपग्रहफोन कंपनीही त्याच वाटेने गेली. ग्लोबलस्टार २००२ पर्यंत टिकली आणि मग तिनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. महागडं आभाळ बांधणारा आणि स्वस्त आभाळ बांधणारा, दोघंही बुडाले. म्हणून नुसत्या इरिडियमच्या इंजिनिअरांवर खापर फोडायला मी तयार नाही.

शंभर रुपयांची वस्तू आठ आण्यांना

१७ मार्च २००० रोजी व्यापारी सेवा बंद झाली. उपग्रह एकेक करून खाली आणायचे आणि वातावरणात जाळून टाकायचे, अशी मोटोरोलाची तयारी सुरू झाली. रिकामे ठेवले तरी त्यांना सांभाळायचा खर्च होताच, आणि तुकडा कोणाच्या डोक्यावर पडला तर जबाबदारीही.

इथे डॅन कोलुसी आले. पॅन ॲम या विमानकंपनीचे माजी अध्यक्ष, निवृत्तीत. त्यांनी खटपट करून शेवटी २००० सालच्या अखेरीला सगळं विकत घेतलं, अडीच कोटी डॉलरला. पाच अब्जांच्या मालाला अडीच कोटी, म्हणजे शंभर रुपयांची वस्तू आठ आण्यांना. पण किमतीपेक्षा महत्त्वाचा होता तो अमेरिकी संरक्षण खात्याचा करार: दोन वर्षांचे ७ कोटी २० लाख डॉलर, त्यात २०,००० सरकारी वापरकर्त्यांना हवं तेवढं बोलणं. महिन्याला माणशी दीडशे डॉलर पडतात. जुन्या कंपनीच्या नुसत्या व्याजालाही हा पैसा पुरला नसता. कर्ज धुऊन निघालेल्या कंपनीचं मात्र यात घर चाललं. मार्च २००१ मध्ये व्यापारी सेवा परत सुरू झाली.

आता त्या उपग्रहातल्या एक्स्चेंजकडे येऊ. नव्या कंपनीला डझनभर भूकेंद्रं पोसायची ऐपत नव्हती, आणि गरजही नव्हती. ॲरिझोनातलं टेंपी इथलं एक व्यापारी केंद्र आणि हवाईतलं एक लष्करी, यांवर जगभरचे कॉल उतरू लागले. आरशासारखे उपग्रह असते तर हे जमलंच नसतं. जी चैन म्हणून हिणवली गेली, तिच्यामुळेच खर्च मुठीत आला, आणि ध्रुवापासून महासागराच्या मध्यापर्यंत दुसरं कोणीच पोचत नाही हा सौद्यातला हुकमी पत्ताही हाती राहिला. गिऱ्हाईकही बदललं: सैन्य, जहाजं, विमानं, आणि मग माणसंच नव्हेत तर यंत्रं. समुद्रात तरंगत तापमान-क्षारता मोजणारी आर्गो उपकरणं, मालाच्या पेट्या, दूरच्या पाइपलाइनी. ही यंत्रं छपराखाली जात नाहीत आणि हँडसेट जड आहे म्हणून कुरकुरत नाहीत.

पाच ते आठ वर्षांसाठी बांधलेले उपग्रह वीसच्या घरात पोचले. एक मात्र वेगळ्याच कारणाने मेला: १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियावर इरिडियम ३३ ची निकामी रशियन कॉसमॉस २२५१ शी धडक झाली. अखंड उपग्रहांची अशी टक्कर त्याआधी झालेली नव्हती. २०१७ ते २०१९ या काळात आठ फाल्कन रॉकेटांनी ७५ नवे उपग्रह वर नेले आणि जुन्यांना निवृत्त केलं. आम्हा हौशी आकाश बघणाऱ्यांचं यात नुकसान झालं. जुन्या उपग्रहांच्या चकचकीत अँटेना सूर्याची तिरीप जमिनीवर फेकायच्या; वेळ आणि दिशा आधी बघून गच्चीवर उभं राहिलं की शुक्राहून कितीतरी झगझगीत ठिणगी काही सेकंद उजळून विझायची. नव्यांना तशा अँटेना नाहीत.

पुण्याजवळचं भूकेंद्र आणि खडकीचं कोर्ट

भारतातला हिस्सा इरिडियम इंडिया टेलिकॉम या कंपनीचा. त्यात आपल्या वित्तसंस्थांचा पैसा होता आणि दक्षिण आशियासाठीचं भूकेंद्र पुण्याजवळ दिघीला उभं राहिलं. मूळ कंपनी बुडाल्यावर त्याला काम उरलं नाही. नवी कंपनी आली तिला त्याची गरज नव्हती. ते कॉल आता ॲरिझोनात उतरत होते.

भारतीय कंपनी गप्प बसली नाही. खोटी माहिती देऊन आम्हाला पैसे गुंतवायला लावले, असं म्हणत तिने २००१ मध्ये खडकीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे मोटोरोलाविरुद्ध फौजदारी तक्रार केली: फसवणूक आणि कट. मुंबई उच्च न्यायालयात दिवाणी दावाही चालला. त्या दाव्यातल्या एका तांत्रिक वादावर, लेखी कैफियत देण्याची ९० दिवसांची मुदत उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेला लागू आहे का यावर, सर्वोच्च न्यायालयाला २००५ मध्ये निकाल द्यावा लागला. नाही, असं उत्तर आलं. फौजदारी तक्रार मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केली होती. कंपनीला मन नसतं, मग फसवण्याचा हेतू तिच्या ठायी कसा असेल, असा बचाव होता. २० ऑक्टोबर २०१० रोजी न्या. सुदर्शन रेड्डी आणि न्या. निज्जर यांच्या खंडपीठाने तो फेटाळला. कंपनी चालवणाऱ्या माणसांचा हेतू हाच कंपनीचा हेतू धरता येतो, तिच्यावर फसवणुकीचा खटला चालू शकतो, असं त्यांनी म्हटलं. मोटोरोला दोषी आहे की नाही यावर त्यांनी काही ठरवलं नाही. तक्रार पुन्हा जिवंत केली, एवढंच. आज कंपन्यांवरच्या फौजदारी खटल्यांत वकील हा निकाल हटकून दाखवतात, तो असा खडकीहून सुरू झालेला आहे.

निकाल लागला त्या दिवशी जुने उपग्रह वर फिरतच होते, शंभर मिनिटांना एक फेरी.